कमानीखालच्या आगगाड्या

इंग्लंडमधल्या ब्रायटन स्टेशनातून बाहेर पडलेली गर्दी क्वीन्स रोडच्या उताराला लागते ती थेट समुद्रापाशीच थांबते. रस्ताच तसा आहे. नाकासमोर चालत राहिलं की शेवटी पाणी. खेळण्यांचं संग्रहालय बघायचं असेल तर मात्र दारातून बाहेर आल्याबरोबर डावीकडे वळायचं आणि ट्रॅफल्गर स्ट्रीटने खाली उतरायचं. स्टेशन टेकडीच्या उतारावर बांधलेलं. त्यामुळे त्याचं पुढचं आवार विटांच्या कमानींवर तोलून धरलेलं आहे आणि हा रस्ता त्या आवाराच्या पोटातून जातो. त्या थंड, काहीशा अंधाऱ्या पट्ट्यात एका बाजूला दार आहे: ब्रायटन टॉय अँड मॉडेल म्युझियम.

संग्रहालय म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा रुंद जिना, खांब, घुमट वगैरे इथे काही नाही. चार कमानींएवढी जागा, फार तर चार हजार चौरस फूट, आणि तेवढ्यात दहा हजारांवर खेळणी आणि मॉडेल्स. ख्रिस लिटलडेल या संग्राहकाने १९९१ मध्ये हे सुरू केलं. कपाटं इतकी जवळजवळ की समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरावं लागतं. मला अशी संग्रहालयं आवडतात. मोठ्या ठिकाणी प्रत्येक वस्तूभोवती मोकळी जागा सोडलेली असते आणि तिच्याकडे आदराने बघा असं ती जागाच सांगत असते. इथे तसं काही कुणी सांगत नाही.

आम्ही तिघं होतो. मी, सात वर्षांची लेक आणि उन्हाळ्यापुरते मुंबईहून आलेले बाबा. बाबा मध्य रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि चार्जमन होऊन निवृत्त झाले, त्यामुळे त्यांच्यासमोर रेल्वेबद्दल सैल बोलायची सोय नाही. माथेरानच्या गाडीला कुणी टॉय ट्रेन म्हटलं की ते बोलणाऱ्याला तिथेच अडवतात. "नेरळहून वर चढते ती. खेळणं असतं तर जुम्मापट्टीलाच बसलं असतं."

कपाटामागून कपाट बघताना बाबांचा प्रश्न एकच होता, "चालतं का?" लेकीचाही एकच, "हात लावू?" दोघांनाही बहुतेक ठिकाणी नकार मिळत होता. दालनाच्या मधोमध १९३०च्या दशकातल्या 'ओ' गेज गाड्यांचा मोठा लेआउट आहे: स्टेशन, सिग्नल, मालधक्का, सगळं. वर्षातले ठरावीक दिवस जाहीर करून त्या गाड्या चालवतात. इतर दिवशी त्या उभ्या. तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल तर तो गाड्या चालवण्याचा दिवस आधी बघून जा, एवढंच सांगेन. बाबांना मात्र उभ्या गाडीतही पुरेसं काम मिळालं. 'ओ' गेज म्हणजे दोन रुळांमध्ये ३२ मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज १६७६, इंग्लंडचं १४३५. त्यांनी तिथल्या तिथे १४३५ला ३२ने भागलं आणि एकास पंचेचाळीसच्या आसपास आकडा काढला. पण इंग्लंडमधले 'ओ' गेजवाले एकास साडेत्रेचाळीस हे प्रमाण धरतात, म्हणजे इंजिन त्याच्या रुळांच्या मानाने किंचित थोराड. "फसवाफसवी आहे," बाबा म्हणाले, पण कौतुकाने.

या गाड्यांमधल्या बऱ्याच हॉर्नबीच्या. फ्रँक हॉर्नबी लिव्हरपूलला मांस आयात करणाऱ्या एका पेढीत हिशेब लिहायचा. इंजिनिअरिंगचं शिक्षण नाही. स्वतःच्या मुलांसाठी त्याने धातूच्या पट्ट्या कापल्या, त्यांना समान अंतरावर भोकं पाडली आणि नटबोल्टने जोडून क्रेन केली. १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे त्याला मेकॅनो हे नाव मिळालं. दोन भोकांमधलं अंतर अर्धा इंच, आणि ते कंपनीने कधीच बदललं नाही. आजोबांच्या पेटीतली पट्टी नातवाच्या पेटीत बसणार. १९२० पासून त्याच कंपनीने किल्लीच्या आगगाड्या काढल्या, १९३०च्या दशकात डिंकी नावाच्या छोट्या खेळण्यातल्या मोटारी. बाबांचं लक्ष बोल्टवर. मेकॅनोचा बोल्ट पाच बत्तीसांश इंची, आटे व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाचे. परळला ज्या आट्यांवर त्यांची उमेदवारी गेली, तेच. काचेच्या पलीकडे आपल्या ओळखीचा आटा आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की लेकीने विचारलं, "आजोबा, हे तुमचं होतं का?"

त्यांचं नव्हतं. परळच्या चाळीत साहेबी मेकॅनो कुठून येणार? मला लहानपणी 'मेकॅनिक्स'चा देशी संच मिळाला होता, तो बाबांनीच जास्त वापरला.

जुन्या मेकॅनो संचांमध्ये पट्ट्या आणि चाकं पुठ्ठ्यावर दोऱ्याने ओवून बसवलेली असत. संग्राहकांच्या जगात ज्या संचाचा तो मूळ दोरा अजून कापलेला नाही त्याला सर्वांत जास्त मान. म्हणजे कुठल्यातरी वाढदिवसाला आलेली पेटी, जी उघडून पाहिली गेली, परत बंद केली गेली आणि जिच्यातून आजवर एक साधा पूलही बांधला गेला नाही. मोटारींचंही तेच. खोक्यासकट असलेली डिंकी आणि नुसती डिंकी यांच्या किमतींमध्ये इतका फरक पडतो की पुष्कळदा मोटारीपेक्षा पुठ्ठाच महाग असतो. पुठ्ठा दुर्मिळ असण्याचं कारण सरळ आहे. मुलं तो पहिल्या पाच मिनिटांत फाडतात.

मला याचा राग येतो असं नाही, पण हिशेब उलटा आहे हे नोंदवावंसं वाटतं. जे खेळणं कुणाचंतरी फार लाडकं होतं ते संग्रहालयात येऊच शकत नाही. ते चिखलात गेलं, जिन्यावरून पडलं, धाकट्या भावाच्या वाट्याला आलं, मग भंगारात. इथे पोचतं ते नावडतं, किंवा एखाद्या कडक आईने फक्त रविवारी हातात दिलेलं, किंवा ज्याचा मालक लवकर मोठा झाला ते. या संग्रहालयाचं वेगळेपण हे की इथे ही अडचण कुणी लपवत नाही. गाड्या अधूनमधून चालवतात. चालवल्या की झिजणार हे माहीत असून चालवतात.

आणि न चालवल्या तर टिकतील याची तरी खात्री कुठे आहे? तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांनी बाबांना जस्ताच्या कीडीची गोष्ट सांगितली. डिंकी मोटारी आणि गाड्यांचे काही भाग ज्या धातूचे ओतत तो मुख्यतः जस्ताचा मिश्रधातू, त्यात थोडं ॲल्युमिनियम. ओतताना त्यात चुकून शिसं मिसळलं, अगदी चिमूटभर, तरी कालांतराने आतल्या आत गंज धरतो. वरून काही दिसत नाही. मग धातू फुगतो, रंगाला बारीक भेगा पडतात, आणि एके दिवशी कपाटातली मोटार कुणीही हात न लावता बुडाशी तुकडे होऊन पडलेली सापडते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मालात हे फार. त्यावर औषध नाही. कोरड्या जागेत, एकसारख्या तापमानात ठेवायचं आणि वाट बघायची. बाबांना ही गोष्ट मनापासून पटली, कारण ओतकामातली भेसळ हा त्यांच्या नोकरीतला जुना संताप. "खोक्यात ठेवली काय नि रस्त्यावर फिरवली काय," ते म्हणाले, "ओतणाऱ्याने चूक केली ती केली."

लेक तोवर कॉर्गी मोटारींच्या कपाटापुढे मांडी ठोकून बसली होती. त्या तिला आवडल्या कारण त्यांच्या खिडक्यांना काचा होत्या. १९५६ मध्ये कॉर्गी बाजारात आल्या तेव्हा त्यांचं भांडवलही तेच होतं. डिंकीच्या खिडक्या तोवर नुसत्या मोकळ्या असत, कॉर्गीने पारदर्शक प्लास्टिक बसवलं आणि जाहिरातीत ते मिरवलं. कॉर्गी बनत वेल्समधल्या स्वान्सीला. त्यामागची कंपनी मेटॉय, आणि मेटॉय उभी केली फिलिप उल्मान यांनी. उल्मान न्यूरेंबर्गचे, तिथल्या टिप अँड कंपनी या पत्र्याच्या खेळण्यांच्या कारखान्याचे मालक, धर्माने ज्यू. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, १९३३ मध्ये, ते सगळं मागे सोडून इंग्लंडला आले आणि नॉर्दॅम्प्टनला पुन्हा पत्रा कापायला लागले. न्यूरेंबर्ग म्हणजे या धंद्याची पेठ. पहिल्या महायुद्धाआधी इंग्लिश मुलांच्या हातातली पत्र्याची खेळणी मोठ्या प्रमाणावर तिथून यायची. तिथली बिंग कंपनी तर इंग्लिश रेल्वे कंपन्यांच्या रंगांत इंजिनं रंगवून इंग्लंडलाच विकायची. सात वर्षांच्या मुलीला यातलं किती सांगायचं? मी सांगितलं की ही मोटार बनवणाऱ्या काकांना त्यांचं गाव सोडावं लागलं. तिने विचारलं, "खेळणी बरोबर घेऊन आले का?" साचे नाही आणता आले, कसब आलं, असं काहीसं मी म्हणाले.

साच्यांवरून आठवलं. डिंकीचे काही जुने साचे पुढे कलकत्त्याला गेले, आणि १९६०च्या दशकाच्या शेवटाकडे तिथल्या एस. कुमार कंपनीने त्यांतून 'निकी टॉइज' नावाच्या मोटारी काढल्या. साच्यावरचं डिंकी हे नाव खोडून तिथे निकी केलेलं. इंग्रजीत दोन्ही नावांत पाचच अक्षरं, त्यामुळे काम सोपं झालं असावं. साचा जुना असल्यामुळे कडा बोथट, रंग जाडाभरडा. इंग्लंडमधले संग्राहक आता त्या भारतीय मोटारी हौसेने शोधतात. ज्या मुलांसाठी त्या काढल्या, त्यांनी बहुधा त्या गटारात घातल्या असतील, आणि ते योग्यच.

कमानींमधून बाहेर पडायच्या आधी शिशाच्या सैनिकांबद्दल लिहायला हवं, कारण पुढचा रस्ता तिथूनच निघतो. विल्यम ब्रिटनच्या कंपनीने १८९३ मध्ये पोकळ सैनिक ओतायची युक्ती काढली. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं, साचा फिरवायचा आणि आतलं पातळ शिसं लगेच परत ओतून काढायचं. भिंतीला चिकटलेला पातळ थर तेवढा उरतो. शिसं कमी, वजन कमी, किंमत कमी, आणि भरीव जर्मन सैनिकांना बाजारातून हाकलता आलं. ब्रिटनच्या संचांमध्ये साम्राज्यातल्या पलटणी होत्या आणि हिंदुस्थानी घोडदळही होतं. फेटेवाले स्वार, हातात भाले, घोडा चौखूर. इंग्लंडमधल्या कितीतरी मुलांनी पाहिलेला पहिला हिंदी माणूस हा दोन इंचांचा, पोकळ असणार.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर रॉयल पॅव्हिलियन. वाटेत नॉर्थ लेनच्या गल्ल्या लागतात, जुने कपडे, रेकॉर्ड, कॉफी. लहान मूल बरोबर असेल तर न रेंगाळलेलं बरं. पॅव्हिलियन म्हणजे एका राजाचं खेळणं. युवराज जॉर्ज, पुढे चौथा जॉर्ज, याने समुद्रकाठी मौजेसाठी घर बांधलं, आणि १८१५ पासून जॉन नॅश या वास्तुकाराने त्यावर घुमट, मिनार, जाळ्या चढवून त्याला हिंदुस्थानी रूप दिलं. नॅश हिंदुस्थानात कधी गेला नव्हता. आत गेलं की हिंदुस्थान संपतो आणि चीन सुरू होतो, तोही चीन न पाहता केलेला. मेजवानीच्या दालनात छताला ड्रॅगन, त्याच्या पंजात टनभर वजनाचं झुंबर. लेकीला मुदपाकखाना आवडला, तिथले लोखंडी खांब वर जाऊन ताडाच्या झाडासारखे पसरतात. बाबा म्हणाले, "खांब ओतीव आहेत, पानं पत्र्याची ठोकून बसवली असणार." मग बराच वेळ मान वर करून उभे.

राणी व्हिक्टोरियाला हे घर मानवलं नाही. १८५० मध्ये ते गावाने विकत घेतलं. आणि १९१४च्या डिसेंबरमध्ये या नकली हिंदुस्थानात खरे हिंदी लोक आले. फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांतून जखमी होऊन आलेल्या हिंदी सैनिकांसाठी पॅव्हिलियनचं इस्पितळ केलं होतं. झुंबरांखाली खाटा मांडल्या. हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे, जेवणासाठी नऊ स्वयंपाकघरं. या व्यवस्थेची छायाचित्रं काढली, पोस्टकार्डं छापली आणि हिंदुस्थानात वाटली, कारण बादशहाने आपल्या शिपायांना राजवाडा दिला ही बातमी सरकारला हवी होती. वाडा तोवर बादशहाचा राहिला नव्हता, नगरपालिकेचा होता. तेच शिपाई पुढे बरे व्हायला लागले तेव्हा त्यांच्या गावात फिरण्यावर बंधनं आली आणि त्यांची पत्रं तर वाचली जातच होती. हे दोन्ही खरं आहे: काळजी घेतली हेही, आणि पहारा ठेवला हेही. १९१६च्या सुरुवातीला इस्पितळ आवरलं. बागेच्या दक्षिणेकडच्या प्रवेशाशी हिंदुस्थानने भेट दिलेली कमान आहे, १९२१ची. तिच्यावर तसं कोरलं आहे. बहुतेक लोक तिच्याखालून आइस्क्रीम खात जातात.

ब्रायटनला मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेर डाउन्सच्या टेकडीवर अग्नी दिला. ५३ जणांना. त्या जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवरी छत्रीचं स्मारक झालं, द छत्री या नावानेच ते ओळखलं जातं. आराखडा ई. सी. हेन्रिकेस या मुंबईच्या तरुण वास्तुकाराचा. तिथे गाडी जात नाही, गवतातून बरंच चालावं लागतं, म्हणून त्या दिवशी लेकीला घेऊन जमण्यासारखं नव्हतं. बाबा आणि मी नंतर गेलो. त्यांनी टोपी काढली, छत्रीला प्रदक्षिणा घातली आणि उतरताना विचारलं, "यांची नावं त्यांच्या गावात कुठे लिहिली असतील का रे?" मला ते लहानपणापासून अरे-तुरेच करतात.

समुद्राबद्दल थोडक्यात. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. अलिबागला जाऊन आलेल्या मुलांना हे आधी सांगून ठेवावं, नाहीतर बादली-फावडं घेऊन आलेल्या मुलीची समजूत घालावी लागते. सीगल हातातले चिप्स पळवतात. मत्स्यालय १८७२चं आहे, आतल्या व्हिक्टोरियन कमानी माशांपेक्षा बघण्यासारख्या. एवढं पुरे, कारण मला व्होल्कच्या गाडीकडे यायचं आहे.

पियरच्या, म्हणजे समुद्रात गेलेल्या धक्क्याच्या, पूर्वेला, किनाऱ्याच्या कडेने, एक छोटी विजेची गाडी धावते. मॅग्नस व्होल्क या ब्रायटनच्याच माणसाने ती ४ ऑगस्ट १८८३ ला सुरू केली, आणि जगातल्या आज चालू असलेल्या विजेच्या रेल्वेंमध्ये ती सर्वांत जुनी. व्होल्कचा बाप जर्मनीतून आलेला घड्याळजी. पोरगं विजेच्या नादी लागलं. पॅव्हिलियनमध्ये विजेचे दिवे लावले ते त्यानेच. त्याच्या पहिल्या रुळांचं गेज होतं दोन फूट. माथेरानचंही तेवढंच! हे वाचल्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नेरळच्या गाडीबद्दल आजवर काही वावगं बोलले होते. वर्षभरातच व्होल्कने गेज वाढवलं, तो भाग त्यांनी सोडून दिला.

व्होल्कची दुसरी गाडी याहून वेडी. १८९६ मध्ये त्याने ब्रायटनहून रॉटिंगडीनला थेट समुद्रातून रूळ टाकले, आणि त्यावर तेवीस फुटी पायांवर उभा असलेला डबा चालवला. भरतीला पाणी खालून, उतारू वरून. नाव पायोनियर, पण लोक म्हणायचे डॅडी लाँग लेग्ज. समुद्रात जाते म्हणून त्यावर जीवरक्षक बोट ठेवावी लागे आणि कायद्याने एक खलाशी कॅप्टनही. आठवड्याभरात वादळाने ती आडवी केली, पुन्हा बांधली, आणि १९०१ मध्ये संपली. रुळांखालचे काँक्रीटचे ठोकळे ओहोटीला अजून दिसतात. लेकीने हे ऐकून जाहीर केलं की संग्रहालयातल्या सगळ्या गाड्यांपेक्षा ही भारी, आणि ती का ठेवली नाही? मोठ्या माणसांचं यावर काही उत्तर नसतं.

पहिली गाडी मात्र आहे, आणि आम्ही तिच्यात बसलो. उघडे डबे, लाकडी बाकं, काही डबे शंभर वर्षांहून जुने. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मोटारी. वेग चालणाऱ्यापेक्षा जास्त, सायकलवाल्यापेक्षा कमी. एवढ्या वर्षांत रूळ बदलले, मार्ग सरकला, मधली शेड पाडून नवी बांधली, डब्यांच्या फळ्या किती वेळा बदलल्या कोण जाणे. मी बाबांना म्हटलं, मग यातलं मूळ काय उरलं? त्यांना प्रश्नच कळला नाही. पीओएचला, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या पूर्ण दुरुस्तीला, आलेलं इंजिन परळहून बाहेर पडतं तेव्हा त्याखाली भलत्याच इंजिनाच्या बोगी असतात, मोटर तिसऱ्याची असते. "नंबर तोच असतो ना? मग इंजिन तेच." काचेआडच्या त्या सुंदर, न खरचटलेल्या गाड्यांपुढे त्यांनी दिवसभर जे म्हटलं नव्हतं ते एवढ्यात म्हणून झालं, आणि माझं मत त्यांच्या बाजूने पडतं. अर्थात, कमानीखालच्या त्या गाड्या कुणी जपल्याच नसत्या तर चालवायलाही काही उरलं नसतं, हे मला कळतं. बाबांनाही कळत होतं. तिथल्या स्वयंसेवकाकडून त्यांनी स्प्रिंगला कोणतं तेल लावता हे विचारून घेतलं होतं, आणि उत्तर पसंत पडलं नव्हतं.

ब्लॅक रॉकला उतरून त्याच गाडीने परत आलो. बाबांना त्या समुद्रातल्या ठोकळ्यांसाठी रॉटिंगडीनला जायचं होतं, पण मोबाइलवर पाहिलं तर ओहोटी पार रात्री. मग लेकीच्या मर्जीने पियरवर गेलो. तिथे दोन पेन्सची नाणी टाकायची यंत्रं आहेत: एक फळी पुढे-मागे सरकते, कडेला नाण्यांचा ढीग लोंबत असतो, आपलं नाणं त्याला ढकलेल या आशेवर माणूस टाकत राहतो. बाबांनी एकही नाणं टाकलं नाही. कंबरेत वाकून ते ती फळी कशाने सरकते ते शोधत होते, क्रँक की कॅम. "कॅम असावा," ते म्हणाले, "परतताना जरा थबकतंय बघ." लेकीला काहीही दिसत नव्हतं. तिने माझ्याकडून आणखी एक पाउंड घेतला आणि मोडायला पळाली.